अनुभवाचा रकाना

सकाळचे पावणेनऊ वाजले होते. नाईट ड्युटी संपवून ती हॉस्टेलच्या खोलीवर आली, चपला दाराशीच सोडल्या आणि युनिफॉर्म न बदलताच कॉटवर बसली. खोलीतली दुसरी मुलगी मॉर्निंगला गेली होती. टेबलावर कालचा डबा न उघडता तसाच पडला होता. त्या डब्याखाली एक छापील अर्ज होता. चार दिवसांपूर्वी तिनं तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणला होता.

अर्जात तिनं नाव लिहिलं होतं, जन्मतारीख लिहिली होती, बी.एस्सी. नर्सिंगच्या चारही वर्षांचे गुण लिहिले होते. एकच रकाना रिकामा होता. 'अनुभव : वर्षे... महिने...'

तिच्या नोकरीला आठ महिने झाले होते. अभ्यासक्रमाला किमान एक वर्षाचा अनुभव लागत होता आणि प्रवेशाच्या वेळेपर्यंत तो जेमतेम पुरा होणार होता. अडचण महिन्यांची नव्हतीच. या आठ महिन्यांत आपण नेमकं काय शिकलो, हे त्या रकान्यापुढं बसल्यावर तिला सांगता येत नव्हतं. ती फक्त एवढंच सांगू शकली असती की, आपल्याला इथून बाहेर पडायचं आहे.

सगळ्यांची सिस्टर

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तिच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे, आई अंगणवाडी सेविका. घरात शिकून पगार मिळवणारी ती पहिलीच मुलगी. नर्सिंगला जायचं तिनं बारावीतच ठरवलं होतं, ते आत्याकडं बघून. आत्या सोलापूरच्या सिव्हिलमध्ये नर्स होती. दिवाळीला ती माहेरी आली की, गल्लीतली माणसं तिच्याकडं गोळ्यांची पाकिटं घेऊन यायची, लहान मुलांना दाखवायला आणायची. आत्या शांतपणे बघायची, विचारायची आणि 'याला घरी ठेवू नका, आजच न्या,' असं म्हणाली, तर कुणी वाद घालत नसे. त्या आवाजाचं तिला लहानपणापासून आकर्षण होतं.

पुण्यात चार वर्षं शिक्षण झालं. त्यासाठी बँकेचं कर्ज काढावं लागलं. शेवटच्या वर्षी दिवा हातात धरून, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावानं घेतलेली शपथ, आईनं भरल्या डोळ्यांनी काढलेले फोटो... आणि मग एका १२० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात नोकरी. हातात साडेअठरा हजार. त्यातले साडेपाच हजार कर्जाच्या हप्त्याला, चार हजार हॉस्टेल आणि मेसला. एक वर्षाचा बाँड, आणि तोवर मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात.

तिला मेडिकल वॉर्ड मिळाला. दिवसा एका नर्सकडं सात-आठ पेशंट, रात्री बारा-चौदा. सलाईन, अँटिबायोटिक, शुगर, नेब्युलायझर, डिस्चार्जचे कागद, विम्याचे कागद, फार्मसीला फोन, नातेवाइकांची बोलणी. कॉलेजात एका पेशंटची काळजी कशी घ्यायची, हे तिनं वीस-वीस पानं लिहून शिकलं होतं. इथं एका पेशंटशेजारी वीस मिनिटं उभं राहायलाही सापडत नव्हतं. छातीवर नावाची पट्टी होती, पण ती कुणी वाचत नसे. पेशंट म्हणायचे सिस्टर, डॉक्टर म्हणायचे सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉयही म्हणायचे सिस्टर. सलाईन संपली तरी सिस्टर आणि पंखा बंद पडला तरी सिस्टर.

तिसऱ्या महिन्यात तिला ड्युटीच्या आधी पोटात गोळा यायला लागला. सहाव्या महिन्यात ती लिफ्टऐवजी जिन्यानं चढायला लागली. तेवढीच दोन मिनिटं उशिरा पोचता येतं म्हणून. आईचा फोन आला की, 'बरं चाललंय' एवढंच सांगायची.

असं होणारी ती पहिली नव्हे. अमेरिकेतल्या मार्लिन क्रेमर यांनी १९७४ साली नव्या नर्सेसवर एक पुस्तक लिहिलं आणि या अवस्थेला नाव दिलं 'रिॲलिटी शॉक', म्हणजे वास्तवाचा धक्का. आधी नव्या नोकरीची नवलाई, मग धक्का, त्यानंतर हळूहळू सावरणं आणि शेवटी काहीतरी मार्ग काढणं, असे त्याचे टप्पे त्यांनी सांगितले. बऱ्याच मुली दुसऱ्या टप्प्यातच नोकरी किंवा व्यवसाय सोडून जातात. कॉलेजात हे प्रकरण तिनं पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. आता ते तिच्या अंगावर आलं होतं.

पण तिच्या मनाला लागलेली खरी गोष्ट धक्क्याच्या कोणत्याच टप्प्यात बसत नव्हती. ती गोष्ट होती बेड नंबर नऊची.

बेड नंबर नऊ

नऊ नंबरच्या खाटेवर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. वय ६८. न्यूमोनिया झालेला. बोलायला गोड. रात्रीच्या गोळ्या देताना ते तिला म्हणाले होते, 'तुझं अक्षर छान आहे गं. पाटीवर गिरवलेलं दिसतंय.'

त्या रात्री वॉर्डात ती आणि एक तिच्याहूनही नवी मुलगी, दोघीच होत्या. बारा वाजता तिनं गुरुजींचं सगळं मोजलं. श्वास मिनिटाला २४, नाडी १०४, ऑक्सिजन लावून सॅच्युरेशन ९४. दहा वाजता श्वास २० होता. तिला ते खटकलं. पण तेवढ्यात तीन नंबरची सलाईन सुजली, एक नवी ॲडमिशन आली.

दोन वाजता पुन्हा मोजलं. श्वास २८, नाडी ११२, सॅच्युरेशन ९२. ब्लडप्रेशर मात्र चांगलं होतं. तिनं रेसिडेंट डॉक्टरांना फोन केला. त्यांच्याकडं तीन मजले होते.

"सर, नऊ नंबरचे पेशंट जरा... त्यांना दम लागल्यासारखं वाटतंय."

"बीपी किती?"

"११८, सर."

"मग ठीक आहे ना, सिस्टर. ऑक्सिजन थोडा वाढवा. सकाळी राऊंडला बघू."

तिनं ऑक्सिजन वाढवला आणि केसपेपरवर लिहिलं : 'डॉक्टरांना कळवले.' मनात काहीतरी टोचत होतं. पुन्हा फोन करावा असं दोनदा वाटलं. पण काय सांगणार? आकडे तेच होते. 'मला बरं वाटत नाही' हे काय डॉक्टरांना सांगण्याचं कारण झालं?

साडेतीनला गुरुजी उशीशी काहीतरी पुटपुटू लागले. जवळ जाऊन ऐकलं, तर ते हजेरी घेत होते. एक-एक नाव घ्यायचे, थांबायचे, जणू कुणीतरी 'हजर' म्हणायची वाट बघायचे. ते झोपेत बडबडतात असं तिला वाटलं. तिनं पांघरूण सारखं केलं.

चार वाजता रात्रीच्या इन्चार्ज सिस्टर राऊंडला आल्या. मूळच्या कोट्टायमच्या, पुण्यात वीस वर्षं काढलेल्या. त्या गुरुजींच्या पायाशी क्षणभर उभ्या राहिल्या. मानेच्या शिरा, नाकपुड्या, पोटाची हालचाल बघितली. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजला. "३४," त्या म्हणाल्या, आणि कुणालाही न विचारता थेट मोठ्या डॉक्टरांच्या घरी फोन लावला. वीस मिनिटांत गुरुजी आयसीयूत होते, पहाटेपर्यंत व्हेंटिलेटरवर.

पाचव्या दिवशी ते गेले.

तिला कुणी काही बोललं नाही. कागदोपत्री तिची चूक नव्हती. तिनं मोजलं होतं, लिहिलं होतं, कळवलंही होतं. गुरुजींच्या मुलानं जाताना तिला नमस्कार केला. तो नमस्कार तिला सहन झाला नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं एक गोष्ट केली. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये पेशंटची प्रकृती ढासळतेय का, हे ओळखण्यासाठी गुणांची एक पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय की नाही, ब्लडप्रेशर, नाडी, शुद्ध आणि ताप अशा सात गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज पाचवर गेली की डॉक्टरांनी तातडीनं बघायचं, सात किंवा जास्त झाली की धोक्याची घंटा. कॉलेजात एका तासात उरकलेला हा भाग तिनं शोधून काढला आणि जुन्या ड्युटी लिस्टच्या पाठीमागं गुरुजींचे आकडे मांडले.

बारा वाजता बेरीज सहा. दोन वाजता नऊ.

आणि साडेतीनची ती हजेरी? अचानक सुरू झालेलं असंबद्ध बोलणं, त्याचे एकट्याचेच तीन गुण होते. ब्लडप्रेशर शेवटपर्यंत तग धरतं, सगळ्यात आधी श्वास बोलतो. गुरुजींचा श्वास दहा वाजल्यापासून बोलत होता. तिला ते ऐकू आलं होतं, पण कुणाला सांगावं, कसं सांगावं, याचे शब्द तिच्याजवळ नव्हते.

त्याच दुपारी ती झेरॉक्सवाल्याकडं गेली.

किती वाटा, कुठल्या वाटा

अर्ज होता 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' या अभ्यासक्रमाचा. ही कल्पना मूळची अमेरिकेची. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला अभ्यासक्रम सुरू केला. मुलांना तपासणं, साध्या आजारांवर उपचार करणं, हे नर्सेसना शिकवायचं म्हणून. पुढं अनेक देशांत ही वाट रुळली. आपल्याकडं भारतीय परिचर्या परिषदेनं गेल्या दशकात अतिदक्षता विभागासाठी असा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. शरीराची तपासणी, औषधशास्त्र, आजारात शरीरात काय बिघडतं त्याचं शास्त्र, हे सगळं डॉक्टरांच्या जवळ जाणाऱ्या खोलीनं शिकायचं. बहुतेक शिक्षण वर्गात न होता खाटेच्या कडेला, रेसिडेंटसारखं. बी.एस्सी. नर्सिंग, नोंदणी आणि किमान एक वर्षाचा अनुभव ही अट. तो अनुभव अतिदक्षता विभागातला असला तर उत्तम.

तिला वाटत होतं, ही पदवी मिळाली की पुन्हा कधी 'सर, जरा दम लागल्यासारखं वाटतंय,' असं बोलावं लागणार नाही.

घरी मात्र या बेताचं कौतुक झालं नाही. वडील म्हणाले, "कर्ज फिटलं नाही, त्यात आणखी दोन वर्षं?" आईची चिंता निराळी. एक स्थळ आलं होतं, मुलगा बँकेत. त्यांचं म्हणणं, मुलगी पसंत आहे, फक्त रात्रपाळीची नोकरी नको. आईनं भीत भीत विचारलं, "एम.एस्सी. केलंस तर? कॉलेजात शिकवायचं, दहा ते पाच."

शेवटी वडीलच म्हणाले, "आत्याला विचार. तिनं जन्म काढलाय यात."

दोन दिवसांची सुट्टी काढून ती सोलापूरला गेली.

आत्याचा ओटा

आत्या २०१९ मध्ये परिसेविका म्हणून निवृत्त झाली. आता गुडघे दुखतात, पण पहाटे पाचला जाग येते ती येतेच. भाचीला बघितल्यावर तिनं काही विचारलं नाही. ताटात भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. जेवण झाल्यावर दोघी ओट्यावर बसल्या, तेव्हा ती म्हणाली, "वजन उतरलंय तुझं. बोल आता."

भाची बोलत सुटली. पगार, बाँड, पोटातला गोळा, आणि सगळ्यात शेवटी बेड नंबर नऊ. आकड्यांची ती ड्युटी लिस्टसुद्धा तिनं पर्समधून काढून दाखवली. आत्यानं चष्मा लावून दोन्ही बेरजा तपासल्या.

"आत्या, दोन वाजता मी परत फोन केला असता, तर ते वाचले असते का?"

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते तुला कधीच कळणार नाही पोरी. मी 'नाही' म्हटलं तर तुला खोटं वाटेल आणि 'हो' म्हटलं तर तू झोपणार नाहीस. माझेही असे दोन-तीन आहेत. चेहरे आठवतात अजून. त्यांना विसरायला जाऊ नकोस, आणि त्यांच्यासाठी कामही सोडू नकोस."

मग आत्यानं आपलं सांगितलं. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. उजाडल्यानंतर सोलापूरला जखमी येऊ लागले. ट्रकनं, एसटीनं, मिळेल त्या गाडीनं. वॉर्ड भरले, व्हरांडे भरले. "डॉक्टर पुरणार किती? कुणाला आधी आत घ्यायचं, हे आम्ही बघायचो. चिखलानं भरलेला माणूस. ओरडत असला तर मी म्हणायची, हा थांबू शकतो. गप्प पडलेल्याकडं आधी पळायचं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. नऊ वर्षांच्या वॉर्डानं शिकवलं होतं."

"म्हणजे पुढं शिकू नको म्हणतेस?"

"असं कुठं म्हटलं?" आत्या जरा चिडलीच. "९६ साली मला पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला मुंबईला जायची संधी आली होती. दोन वर्षं. पोरं लहान, सासूबाई अंथरुणाला. नाही गेले. माझ्या मागून आलेल्या बाईंनी केलं, त्या ट्युटर झाल्या. मला पेशंटचं कळायचं, पण ते का होतंय ते सांगता यायचं नाही. नवा डॉक्टर 'कशावरून?' म्हणाला की मी गप्प. तीस वर्षं मी 'साहेब, एकदा बघून घ्या ना' असं आर्जवानं बोलले. शिक्षण असतं तर ठामपणानं बोलले असते. शिकलंच पाहिजे तू. पण मला दोन गोष्टींची उत्तरं दे. समज, उद्या तुझा पगार दुप्पट झाला आणि रात्री दोन नर्स जास्त आल्या. तरी हा अर्ज भरशील?"

ती विचार करून म्हणाली, "हो. बहुतेक भरेन."

"बरं. आणि समज, हे दोन वर्षांचं शिक्षण झालं आणि परत तोच वॉर्ड, तोच पगार, तीच सिस्टरची हाक. तरी भरशील?"

या प्रश्नाचं उत्तर तिला त्या दिवशी देता आलं नाही.

रात्री आत्यानं तिला वही आणि पेन दिलं. "जितक्या वाटा आहेत तितक्या लिहून काढ. आमच्या वेळी दोन होत्या, तुमच्या वेळी किती आहेत ते बघू दे मला."

वहीचं पान भरलं. एम.एस्सी. नर्सिंग, दोन वर्षं, पुढं बहुतेक अध्यापन. अतिदक्षता, नवजात बालकं, कर्करोग अशा विषयांतल्या वर्षभराच्या पदविका. खर्च कमी, काम वॉर्डातलंच, पण जाण वाढते. प्रसूतिशास्त्रात रस असलेल्यांसाठी नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरीचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच वर्षी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतलं उपकेंद्रावरचं समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद. गावात राहून तपासणी, औषधं, पाठपुरावा. 'एम्स'ची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतनच ४४,९०० रुपये, म्हणून स्पर्धा तुफान. परदेश, जर्मनीला जायचं तर आधी जर्मन भाषा चांगली शिकायला हवी. आणि शेवटी तिचा तो क्रिटिकल केअरचा अर्ज.

पगाराचीही एक नोंद तिनं केली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की, ५० खाटांहून लहान खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान २० हजार मिळावेत आणि १०० खाटांच्या वर सरकारी पगारापेक्षा दहा टक्क्यांहून कमी नसावेत. तिचं हॉस्पिटल १२० खाटांचं. तिनं त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

आत्या म्हणाली, "यातली निम्मी दुःखं हॉस्पिटल बदललं तरी जातील. ती शिक्षणाच्या खात्यावर लिहू नकोस. उरलेल्यासाठी शीक. आणि अर्ज टाकण्याआधी, जिनं हे केलंय तिला जाऊन विचार. कॉलेजच्या माहितीपत्रकावर जाऊ नकोस."

उत्तर

पुण्याला परतल्यावर तिनं ओळखीतून दोन जणी शोधल्या. एक दक्षिणेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत होती. ती खूष होती. सकाळच्या राऊंडला डॉक्टर तिचं मत विचारत. ठरवून दिलेल्या नियमावलीत राहून ती काही निर्णय स्वतः घेत असे. दुसरी मात्र कडवट हसली. तिच्या हॉस्पिटलात अशा पदाची जागाच नव्हती. दोन वर्षं शिकून ती पुन्हा स्टाफ नर्सच झाली, पगारात किरकोळ फरक. डॉक्टरांना वाटायचं ही शहाणपण करते, नर्सेसना वाटायचं ही डॉक्टर व्हायला बघते. फोन ठेवताना ती म्हणाली, "शिकले त्याचं दुःख नाही. आधी चौकशी केली नाही, त्याचं आहे."

म्हणजे आत्याचा दुसरा प्रश्न कल्पनेतला नव्हता. तो खराच होता.

दरम्यान, तिनं एक लहानसं काम सुरू केलं. त्या कोट्टायमच्या इन्चार्ज सिस्टरांकडं जाऊन तिनं विचारलं, "सिस्टर, त्या दिवशी तुम्ही पायाशी उभं राहून काय बघितलंत?" त्या चकित झाल्या. वीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर जिथं वेळ मिळेल तिथं त्या तिला दाखवू लागल्या. खिशातल्या छोट्या वहीत ती दर पेशंटच्या गुणांची बेरीज मांडू लागली. फोनवर कसं बोलायचं, तेही शिकली : आधी कोण आणि काय, मग आजार कोणता, मग आपल्याला काय आढळलं, आणि शेवटी आपल्याला काय हवंय. 'जरा', 'बहुतेक', 'वाटतंय' हे शब्द तिनं फोनवरून काढून टाकले.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात नर्सच्या घडणीचे पाच टप्पे सांगितलेत. नवशिकीपासून निष्णात होण्यापर्यंत. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेल्यावर नर्स तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे कामात समर्थ होण्यावर येते, असं त्या म्हणतात. हे वाचून तिला हायसं वाटलं. आठ महिन्यांत आपल्याला सगळं का येत नाही, म्हणून ती स्वतःला रोज शिक्षा करत होती. शिक्षा संपली, असं नाही. पण कमी झाली.

अकराव्या महिन्यातल्या एका रात्री बेड नंबर चारवर मूत्रपिंडाच्या संसर्गानं आलेल्या एक बाई होत्या. वय ५४. एक वाजता श्वास २६, नाडी ११६, ताप ३९ च्या वर. ब्लडप्रेशर ११४. वही काढून तिनं बेरीज केली आणि फोन उचलला. रेसिडेंट तेच होते.

"सर, मेडिकल वॉर्डातून बोलतेय. बेड चार, किडनी इन्फेक्शन. दोन तासांत श्वास २० वरून २६ झालाय, नाडी ११६, ताप ३९.२. स्कोअर सात आहे. बीपी अजून चांगलं आहे, पण ते राहणार नाही अशी मला भीती आहे. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं."

पलीकडं क्षणभर शांतता. "स्कोअर किती म्हणालात?"

"सात, सर."

"येतो."

ते आले. तपासण्या गेल्या, अँटिबायोटिक बदललं, सलाईनचा वेग वाढला, तासाभरात बाई आयसीयूत. आठ दिवसांनी त्या स्वतःच्या पायांनी वॉर्डात निरोप घ्यायला आल्या. बरोबर मुलगी होती. तिनं पेढ्यांचा बॉक्स पुढं केला आणि छातीवरची पट्टी वाचून तिला चक्क नावानं हाक मारली. पेढा तोंडात असल्यामुळं तिला काही बोलता आलं नाही, हे एका परीनं बरंच झालं.

त्या रात्री तिनं आत्याला फोन केला. "आत्या, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. पद मिळो न मिळो, मी शिकणार. तोच वॉर्ड मिळाला, तरी तिथं बारा वाजता मला कळायला हवं. पण या वर्षी नाही."

"का गं?"

"मेडिकल वॉर्डातून उडी मारली तर मी तिथं मागं पडेन. बाँड संपला की प्रमाणपत्रं सोडवून घेते, दुसरीकडं आयसीयूत नोकरी बघते. वर्षभर तिथं काढते, कर्ज थोडं हलकं करते. आणि अर्ज अशाच कॉलेजला टाकते, जिथून शिकून बाहेर पडलेल्या मुली त्याच कामावर आहेत."

आत्या एवढंच म्हणाली, "अण्णाला मी सांगते."

स्थळाचं काय झालं? बँकेतल्या मुलाला तिनं एकदा भेटून सगळं सरळ सांगितलं. तो मुलगा वाईट नव्हता. म्हणाला, घरच्यांना नाही पटायचं. दोघांनी चहा घेतला आणि आपापल्या वाटेला लागले. आईला वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

आज ती दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागं एक नर्स असावी, हा नियम तिथं बहुतेक वेळा तरी पाळला जातो. पगार साडेचोवीस हजार. दमणूक तेवढीच आहे, रात्रीही तेवढ्याच आहेत. पोटातला गोळा मात्र क्वचितच येतो. तिच्या शेजारी आता एक नवी मुलगी उभी असते आणि तिला ती सांगते, "बीपीवर जाऊ नकोस. आधी श्वास मोज. पूर्ण एक मिनिट."

परवा प्रवेशाचे नवे अर्ज निघाले. तिनं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, गुण लिहिले. मग त्या रकान्यापाशी आली. या वेळी पेन थांबलं, पण थोडंच. लिहिताना तिला पाटीवर गिरवलेलं अक्षर आठवलं, आणि तिनं ते जरा सावकाश, वळणदार लिहिलं :

'अनुभव : वर्षे १, महिने ११.'